नाव न पेललेली मुले

प्रमाणपत्रावर सह्यांसाठी तीन रेघा होत्या आणि त्यांपैकी दोन भरलेल्या होत्या. पहिल्या रेघेवर अभ्यासाचे प्रमुख प्राध्यापक हास्तो प्रानोतो यांची डौलदार, उजवीकडे झुकलेली सही होती. दुसरीवर मानसशास्त्र विभागाच्या डॉक्टर रेत्नो यांची, घाईत केलेली. तिसऱ्या रेघेखाली ‘माहितीविभाग प्रमुख’ असे छापले होते आणि तिन्हींच्या वर एकच वाक्य होते : ‘या अभ्यासातील सर्व नोंदी आम्ही तपासल्या असून त्या अचूक आहेत.’ वुर्यानीने ते वाक्य त्या सकाळी चौथ्यांदा वाचले आणि पेनाला टोपण घातले. नोंदी तिने तपासल्या होत्या, यात शंका नव्हती; आणि तपासल्या होत्या म्हणूनच त्या अचूक आहेत असे लिहून देणे तिला अशक्य झाले होते.

एकोणीस वर्षांपूर्वी, जोग्या शहराच्या दक्षिणेला असलेल्या चुनखडीच्या डोंगराळ मुलखातील चाळीस गावांत, दीड वर्षाच्या अवधीत जन्मलेली एक हजार आठशे सेहेचाळीस मुले या अभ्यासात नोंदली गेली होती. पहिल्या पाच वर्षांत कोणाला झटके आणणारा तीव्र ताप आला आणि कोणाला नाही, हे वैद्यकशाखेने टिपले. तीच मुले मोठी झाल्यावर त्यांचे स्मरण, अवधान आणि मनःस्थिती मानसशास्त्रशाखेने मोजली. या दोन शाखांना एकमेकींची भाषा फारशी समजत नसे. दोघींच्या कागदांची गाठ मारून देण्याचे काम माहितीविभागाचे, म्हणजे गेली बारा वर्षे वुर्यानीचे होते. आता शोधलेख सिद्ध झाला होता. त्याचा निष्कर्ष असा, की बालपणीच्या तीव्र तापाची कोणतीही खूण मोठेपणीच्या बुद्धीवर राहत नाही. प्रांताचे आरोग्यखाते या निष्कर्षाकडे डोळे लावून बसले होते, कारण तो छापून आला की तापातून उठलेल्या मुलांची सहामाही तपासणी आणि त्यांच्यासाठी चालणारे जादा शिकवणीचे वर्ग निश्चिंत मनाने बंद करता येणार होते. जिथे जखमच नाही तिथे मलम कशाला, हा त्यामागचा सरळ हिशेब.

लेख पाठवण्यापूर्वी एक शेवटचे काम उरले होते : नोंदींतून सर्व नावे कायमची पुसून त्या जागी निव्वळ क्रमांक ठेवणे. हे काम नियमाने माहितीविभागाचे असते, आणि ते झाले की ती माणसे कोण होती हे जगात कोणालाही, पुसणाऱ्यालाही, पुन्हा सांगता येत नाही. म्हणून वुर्यानी पुसण्याआधी प्रत्येक पान एकदा पट्टी लावून वाचत असे. तिचे सहकारी या सवयीला हसत. याच वाचनात तिची पट्टी एका पानावर थांबली.

ते पान उशिरा आलेल्या मुलांचे होते. अभ्यासाच्या सहाव्या वर्षी असे दिसून आले होते, की दोनशे त्रेसष्ट मुले ‘गाव सोडून गेली’ आहेत. ही गळती भरून काढण्यासाठी त्याच गावांतली, त्याच वयाची, पूर्वी नोंद राहून गेलेली दोनशे अठरा मुले नव्याने घेतली गेली. त्यांच्या तापाचा काहीच इतिहास कागदावर नसल्यामुळे त्यांना ताप न आलेल्या, निरोगी गटात बसवले गेले. इथवर सगळे रीतसर होते. परंतु मूळच्या एक हजार आठशे सेहेचाळीस मुलांत स्लामेत नावाची नऊच मुले होती, आणि या दोनशे अठरांत ती अठ्ठावन्न होती. वारास नावाची सदतीस. राहायूही सव्वीस. स्लामेत म्हणजे सुखरूप, वारास म्हणजे बरा, राहायू म्हणजे कुशल. चाळीस गावांतल्या आईबापांनी जणू मुलांची नावे ठेवायची सोडून देवाकडे अर्ज लिहिले होते.

वुर्यानी समुद्रकाठच्या शहरात वाढलेली. तरीही आजीच्या तोंडून ऐकलेली एक गोष्ट ध्यानात यायला तिला फार वेळ लागला नाही. मूल वारंवार आजारी पडू लागले, मरणाच्या दारातून परतले, तर घरचे म्हणतात, नाव जड झाले. एवढे भारदस्त नाव या चिमुकल्या खांद्यांना पेलवत नाही. मग शेजाऱ्यांना बोलावून तांबडी आणि पांढरी पेज वाटली जाते आणि मुलाला हलके, साधे नाव दिले जाते. जुने नाव त्या दिवसापासून कोणी उच्चारत नाही, कारण नाव घेतले की आजाराला वाट सापडते.

गाव सोडून कोणी गेलेच नव्हते. ती मुले तिथेच होती.

वुर्यानीने प्रमाणपत्र खणात ठेवले, हेल्मेट उचलले आणि नगादिमानच्या गावचा रस्ता धरला.

नगादिमान हा त्या अभ्यासाचा सर्वांत जुना नोंदकार. अठरा वर्षे मोटारसायकलवरून तो ही गावे फिरला होता आणि आता निवृत्त होऊन अंगणात कसाव्याचे काप वाळवत बसला होता. त्याने तिला बसायला बांबूचे बाकडे दिले, समोर गोड चहा ठेवला आणि शेजारी तळलेल्या टोळांची बशी सरकवली.

“पाक नगादिमान,” वडीलधाऱ्याला मारायची हाक मारून तिने थेट विचारले, “सहाव्या वर्षी तुम्ही जी नवी मुलं नोंदवलीत, ती नवी नव्हती ना?”

म्हाताऱ्याने काप उलटण्याचे काम थांबवले नाही. तो तिला पूर्वीपासून ‘बू वुर’, म्हणजे वुरबाई म्हणे. “नवीच होती, बू वुर. पेज वाटून झाली होती.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं!”

“मला? अख्ख्या डोंगराला ठाऊक होतं. कोंबड्यांनासुद्धा. फक्त तुमच्या हापिसाला नव्हतं.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“विचारलं कोणी?” आता त्याने मान वर केली. “वरून यादी यायची. अमुक नावाचा मुलगा घरात आहे का, हो किंवा नाही, खूण करा. मी दारात जाऊन ते नाव घेऊ? ज्या पोराला सात दिवस झटके आले, ज्याच्या बापाने बकरं विकून त्याला शहरात नेलं, त्याच्या आईपुढे? ती म्हणायची, या नावाचं आमच्यात कोणी नाही. खरंच बोलायची बाई. मी ‘नाही’वर खूण करायचो.”

“आणि त्याचा क्रमांक? दारावर पत्र्याची पाटी होती ना प्रत्येकाच्या?”

“ती नावासोबत ओढ्यात. ज्याचं नावच नको, त्याचा नंबर ठेवून काय लोणचं घालायचं?”

वुर्यानीला हसू आले, पण ते लगेच विरले. कारण या म्हाताऱ्याच्या साध्या बोलण्यातून एका मोठ्या चुकीचा सांगाडा हाडन् हाड स्पष्ट दिसू लागला होता. नाव बदलण्याइतका भयंकर ताप ज्यांना आला, नेमकी तीच मुले आजारी गटातून नाहीशी झाली होती. त्या गटात मागे उरली ती सौम्य तापाची, नाव शाबूत राहिलेली मुले. आणि नाहीशी झालेली मुले नव्या नावाने परत येऊन निरोगी गटात बसली होती. मग दोन गटांत फरक दिसणार कसा? ज्या तराजूतले सगळ्यांत जड दगड उचलून दुसऱ्या पारड्यात ठेवले आहेत, तो तराजू समतोल दाखवणारच.

“आईचं नाव तरी तेच असेल,” ती स्वतःशीच पुटपुटली.

“कुठून? इथे बाईला तिच्या पोराच्या नावाने हाक मारतात. पोर बदललं की आईही बदलली.” नगादिमान उठला आणि आतून वह्यांचा एक गठ्ठा घेऊन आला. “तुमच्या फॉर्मात याला रकाना नव्हता. म्हणून मी आपलं इकडे लिहून ठेवायचो. सवय.”

वह्यांमध्ये प्रत्येक मुलापुढे त्याचा जन्मवार होता : सात दिवसांच्या आठवड्यातला एक आणि बाजाराच्या पाच दिवसांच्या चक्रातला एक, अशी जोडी. ही जोडी पस्तीस दिवसांनी एकदाच येते आणि तारीख विसरली तरी कोणतीही आई ती विसरत नाही. लग्न, पेरणी, घराचा पाया, सगळे तिच्यावरून ठरते. म्हणून नाव बदलले तरी तिला कोणी हात लावत नाही. वुर्यानीने उघडलेल्या पहिल्याच पानावर दोन वाड्यांमधले तीन स्लामेत होते आणि तिघांचे जन्मवार तीन ‘गाव सोडून गेलेल्या’ मुलांच्या जन्मवारांशी जुळत होते.

पुढचे सतरा दिवस तिने रजा टाकली आणि ती त्या डोंगरात हिंडली. जन्मवार आणि वाडी जुळल्याने संशय बळकट होतो, सिद्ध होत नाही, हे तिला इतरांपेक्षा अधिक कळत होते. पुरावा एकच होता : बाळाला पहिल्या वर्षी दवाखान्यात तोलत तेव्हाचे वजनपत्र. त्यावर जुने नाव असे, अभ्यासाचा क्रमांकही असे. परंतु ते मागायचे कसे? पहिल्या घरी, एका वारासच्या आईने, तिचे बोलणे पुरते ऐकून घेण्याआधीच दार अर्धे लोटले.

“त्या वेळचं काही नाही आमच्याकडे.”

“म्बोक, मला नाव नकोय,” वुर्यानी खेड्यातल्या आईला मारतात ती हाक मारत म्हणाली. “मी ते विचारणार नाही, तुम्ही सांगू नका. कागद असेल तर फक्त आकडा दाखवा. नावावर बोट ठेवून दाखवा.”

बाईने दारावरचा हात काढला नाही. “कशाला हवाय?”

“कारण कागदावर तुमचा मुलगा कधी आजारीच पडला नाही.”

“नाही पडला?” बाईने दार पूर्ण उघडले. तिचा आवाज चढला. “माझा वारास? डोळे पांढरे केले होते त्याने. चार दिवस मला ओळखत नव्हता. आज एकोणीस वर्षांचा घोडा झालाय, पण चौकात उभा राहून रोज विचारतो, आई, माझी बस कोणती? रोज! तीच बस, तोच रंग. आणि तुमच्या कागदावर तो आजारी नाही? कोणी लिहिलं हे? बोलवा त्याला इकडे!”

तिने पत्र्याच्या पेटीतून चौघडी केलेले वजनपत्र काढले, अंगठ्याने नाव झाकले आणि क्रमांक पुढे धरला. तो गाव सोडून गेलेल्यांच्या यादीत होता. मग थोडा विचार करून तिने ते पत्रच वुर्यानीच्या हातात दिले. “न्या. दाखवा त्यांना. पण तोंडाने वाचायचं नाही कोणी.”

“नाही वाचणार,” वुर्यानी म्हणाली. “कोणालाही वाचू देणार नाही.”

असे एकशे सत्त्याऐंशी क्रमांक जमले. त्यांपैकी एकशे एकोणऐंशी मुलांना झटक्यांचा ताप येऊन गेला होता.

प्राध्यापक हास्तो यांनी तिचे निवेदन शांतपणे वाचले. ते उंच आवाजात कधी बोलत नसत; त्यांचा राग जितका मोठा तितका त्यांचा सूर खाली जाई, आणि त्या दिवशी तो जवळजवळ ऐकू येईनासा झाला होता. त्यांनी स्वतः तिच्या पेल्यात चहा ओतला. डॉक्टर रेत्नो खिडकीपाशी उभ्या होत्या.

“बू वुर, तुम्ही फार दमलेल्या दिसता. सतरा दिवस उन्हात हिंडलात म्हणे.”

“दमले आहे, पाक प्राध्यापक. पण आकडे ताजे आहेत.”

“आकडे?” ते हसले. “एका म्हाताऱ्याच्या वह्या, बायकांच्या पेट्या आणि एक अंधश्रद्धा. हे मी परदेशी परीक्षकांपुढे ठेवू? नाव जड झालं म्हणून मूल हरवलं, असं तळटिपेत लिहू?”

“अंधश्रद्धा असेल. पण अंधश्रद्धेने यादी बदलली, हे वास्तव आहे. माणसं कशावर विश्वास ठेवतात हे आपल्या विषयाबाहेरचं आहे, असं मानसशास्त्राच्या अभ्यासात तरी म्हणता येणार नाही.”

खिडकीपाशी रेत्नो किंचित हलल्या. प्राध्यापकांनी तिकडे पाहिले नाही.

“तुमचं काम नोंदी सांभाळणं आहे. अर्थ लावणं आमचं.”

“अर्थ मी लावतच नाहीये. आजारी माणूस निरोग्यांच्या रांगेत उभा आहे, एवढंच दाखवतेय. रांगा लावणं माझंच काम आहे.”

“एकोणीस वर्षं, बू वुर. तीन देशांचे लोक. चाळीस गावं. हे सगळं तुम्ही एका सहीसाठी अडवणार? तुम्ही सही केली नाहीत तर दुसरं कोणी करील.”

“करील ना. पण नियम असा आहे, की माहितीविभागाने नकार दिला तर तो कारणांसह नीतिसमितीकडे जातो. तो नियम तुम्हीच लिहिला आहे, पाक. सहावं कलम. मी तो सकाळी पाठवला.”

प्राध्यापकांनी चहाची किटली खाली ठेवली. “म्हणजे माझ्याकडे येण्याआधी?”

“तुमच्याकडे आधी आले असते, तर तुम्ही मला चहा पाजून परत पाठवलं असतं. आत्तासारखंच.”

बाहेरच्या सज्ज्यात रेत्नो तिच्या मागोमाग आल्या. “वुर, वेडी आहेस का तू? ते तुला उद्या काढतील. तुझा पगार याच अभ्यासातून येतो. अभ्यास थांबला की तू थांबलीस.”

“म्बाक रेत्नो, चाचण्या तू घेतल्यास. तुला एकदाही वाटलं नाही, की निरोगी गटातली ही पोरं अशी का अडखळतात?”

‘म्बाक’ म्हणजे ताई; त्या हाकेवर रेत्नो कठड्याला टेकल्या. “वाटलं होतं. गरिबी असेल असं म्हटलं.”

“गरिबी! बरं सापडलंय आपल्याला एक पोतं. ज्याचं कारण शोधायचं नसतं ते त्यात टाकायचं.”

“टोचून बोलू नकोस.”

“मग सही मागे घे.”

रेत्नो आत गेल्या.

नीतिसमितीची बैठक पुढच्या आठवड्यात, ग्रंथालयाच्या वरच्या दालनात भरली. अध्यक्ष डॉक्टर मूर्ती निंग्सिह या निवृत्त बालरोगतज्ज्ञ होत्या. आखूड केसांच्या, ऐकताना डोळे मिटून घेणाऱ्या. वुर्यानीने आपले म्हणणे मांडले : किती मुले गेली, किती आली, जन्मवार कसे जुळले, किती वजनपत्रे मिळाली, आणि एकशे एकोणऐंशी मुले आपल्या गटात परत ठेवली की दोन गटांतला फरक कसा उघड्या डोळ्यांना दिसतो. एकतीस मुलांचा ठाव लागला नाही हेही तिने न लपवता सांगितले. तिचे बोलणे कोरडे होते. त्यात एकही विशेषण नव्हते.

मग प्राध्यापक हास्तो उठले. त्यांचा युक्तिवाद सुबक होता. माहितीविभागाने परवानगीशिवाय घरोघरी जाऊन पुरावा गोळा केला. जन्मवार ही ओळख नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या तथाकथित जोड्यांतले एकही जुने नाव निवेदनात लिहिलेले नाही. “शास्त्रात झाकलेला पुरावा हा पुरावा नसतो,” ते मऊ स्वरात म्हणाले. “बू वुर यांनी जुनं नाव आणि नवं नाव समितीपुढे मोठ्याने वाचून दाखवावं. सगळी नकोत. एक पुरे. मी तत्काळ माघार घेईन.”

दालनात सगळ्यांनी वुर्यानीकडे पाहिले. वजनपत्रांची पाकिटे तिच्यापुढे ओळीने रचलेली होती. एक नाव, चार-पाच अक्षरे, आणि वाद मिटणार होता. तिचा त्या समजुतीवर विश्वास होता का? तिला स्वतःलाच ठाऊक नव्हते. पण दार उघडून तिच्या हातात कागद देणाऱ्या बाईचा होता, आणि शब्द तिला दिलेला होता.

“मी वाचणार नाही,” ती म्हणाली.

“पाहिलंत?” प्राध्यापक समितीकडे वळले.

“मी वाचणार नाही,” तिने पुन्हा म्हटले, आणि या खेपेला तिचा आवाज भिंतींवर आदळला. “ही माणसं एकोणीस वर्षं आपल्याला रक्त देत आली, तपासणीला मुलं देत आली, आणि त्यांनी एकच अट घातली आहे. ती मोडून मी खरी ठरणार असेन तर मला खरं ठरायचं नाही. पण पुरावा मी झाकलेला नाही. हा टेबलावर आहे. समितीने प्रत्येक पत्र उघडावं, डोळ्यांनी वाचावं, क्रमांक ताडून पाहावा. तोंडाने वाचण्याची ज्याला शास्त्रासाठी गरज वाटते, त्याने स्वतः वाचावं.” तिने सर्वांत वरचे पाकीट उचलले आणि टेबलावरून प्राध्यापकांकडे सरकवले. “घ्या, पाक प्राध्यापक. ही अंधश्रद्धा आहे असं तुम्हीच म्हणालात. मुलगा जिवंत आहे, एकोणीस वर्षांचा आहे, त्याची आई पेटीपाशी बसून असेल. वाचा मोठ्याने.”

प्राध्यापकांनी पाकीट उघडले. आतला कागद पिवळा पडला होता आणि घड्यांवर विरला होता. त्यांनी चष्मा सारखा केला. सोलो शहराजवळच्या, हीच समजूत पाळणाऱ्या एका खेड्यात ते लहानाचे मोठे झाले होते, हे दालनातल्या बहुतेकांना माहीत होते. त्यांना परदेशी जाऊन आणि परत येऊन चाळीस वर्षे झाली होती, हेही माहीत होते. त्यांनी कागदावरची ओळ पाहिली. ओठ उघडले. ते पुन्हा मिटले.

“वाचा ना,” डॉक्टर मूर्ती डोळे मिटूनच म्हणाल्या. “नुसती शाई आहे.”

प्राध्यापकांनी कागद पुन्हा पाहिला. मग त्यांनी तो मूळच्या घड्यांवरच, अतिशय काळजीने, नाव आत राहील असा दुमडला आणि पाकिटात ठेवला.

“यावरून काहीच सिद्ध होत नाही,” ते म्हणाले.

“होतं.” डॉक्टर मूर्तींनी डोळे उघडले. “तुमच्यासारख्या माणसाला जे नाव घेववलं नाही, ते नगादिमानने त्या आईच्या दारात घेतलं नसणार, हे सिद्ध होतं. यादी चुकली कशी, हा प्रश्न मला शिल्लक राहिलेला नाही. बाकीची पत्रं इकडे द्या, मी बघते.”

त्यांनी आणि समितीच्या दोन सदस्यांनी दुपार उलटेपर्यंत एकेक पत्र उघडले, क्रमांक ताडला आणि कागद पालथा ठेवला. एकही नाव कोणी उच्चारले नाही. शेवटी अध्यक्षांनी टिपण लिहिले : शोधलेख पाठवू नये; गट नव्याने लावावेत; तोवर अभ्यासाचे सर्व व्यवहार स्थगित; माहितीविभागाने विनापरवानगी केलेल्या भेटींबद्दल लेखी समज द्यावी.

“समज मान्य आहे?” त्यांनी विचारले.

“समज मान्य आहे,” वुर्यानी म्हणाली. “भेटींचा पश्चात्ताप नाही. तेही लिहा.”

डॉक्टर मूर्तींनी खरोखरच ते लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत बातमी आली, की अभ्यास स्थगित झाल्यामुळे त्याच्या निधीतून नेमलेल्यांना मुक्त करण्यात येत आहे, आणि पहिले पत्र माहितीविभाग प्रमुखांचे आहे. ही बातमी रेत्नोंनीच आणली. त्यांच्या हातात एक कागद होता. प्रमाणपत्रावरची आपली सही मागे घेत असल्याचे पत्र. त्या वुर्यानीच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या, पण तिने मान वर केली नाही. ती काम करत होती.

“ऐकलंस ना तू? तुला काढलंय.”

“पत्र अजून आलेलं नाही. ते संचालकांच्या टेबलावरून प्रशासनात जाणार, तिथून लेखाविभागात, तिथे एक सही हमखास राहणार, मग परत. गुरुवार उजाडेल. आपल्या कचेरीला मी बारा वर्षं ओळखते.”

“आणि तोपर्यंत?”

“तोपर्यंत या विभागाची प्रमुख मी आहे. गट नव्याने लावावेत असा आदेश आहे. कोणी लावावेत ते लिहिलेलं नाही.”

रेत्नोंनी आपले पत्र टेबलाच्या कडेला ठेवले. “किती आहेत?”

“एकशे सत्त्याऐंशी. चौदा झाली.” वुर्यानीने पायाने शेजारची खुर्ची पुढे ढकलली. “बस. तू क्रमांक वाच, मी त्यांना त्यांच्या जागी नेते. आणि दार उघडंच राहू दे, म्हणजे काही झाकून चाललेलं नाही हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल.”